५ किलोवॉटचा इन्व्हर्टर आणि ३ लिथियम बॅटऱ्या : केबल, फ्यूज आणि बसबार यांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातील आपल्या लहान रुग्णालयासाठी आपण ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर आणि प्रत्येकी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या ३ लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या आहेत. बॅटऱ्या जिन्याखालच्या कपाटात आहेत, इन्व्हर्टर तेथून ४ मीटरवर आहे आणि मधली केबल भिंतीवरच्या पीव्हीसी ट्रंकिंगमधून जाणार आहे. मोबाइलवरील कॅल्क्युलेटर ३ टक्क्यांच्या आत व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये वाटेत पडणारे व्होल्टेज, दाखवतो, म्हणून वायरमन १६ चौरस मिलिमीटरची केबल पुरेशी मानतो. दुकानदाराने ३५ ची केबल आधीच दिली आहे आणि बसबार, म्हणजे सर्व केबली जिच्यावर एकत्र जोडायच्या ती धातूची पट्टी, म्हणून पितळी लिंक सुचवली आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारता.

मुख्य केबलसाठी यांपैकी कोणाचेही ऐकू नये, असे माझे मत आहे. ३५ ची केबल वाया जाणार नाही. तिची जागा वेगळी आहे. बॅटरीच्या केबलचा आकार लोडवरून थेट ठरवायचा नसतो. लोडवरून फ्यूज ठरतो आणि त्या फ्यूजला प्रत्यक्ष जागेच्या उष्णतेत पुरून उरेल अशी केबल निवडावी लागते. व्होल्टेज ड्रॉपचा हिशेब त्यानंतर येतो, आणि इतक्या कमी अंतरावर तो बहुधा आपोआप बसतो. वायरमनने शेवटची पायरी पहिली धरली, एवढीच त्याची चूक आहे.

आधी प्रवाह काढू. ५००० वॉटला ५१.२ व्होल्टने भागले की ९८ अँपिअर येतात आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. पण इन्व्हर्टर ठरलेली वॉटेज काढत राहतो, त्यामुळे बॅटरी उतरत जाते तसा प्रवाह वाढत जातो. आपल्या बॅटरीत १६ सेल एकामागे एक आहेत. पूर्ण भरल्यावर ३.६५ व्होल्टप्रमाणे ५८.४ व्होल्ट मिळतात आणि २.८ व्होल्टपर्यंत उतरल्यावर ४४.८ व्होल्ट उरतात. इन्व्हर्टर ४६ व्होल्टला बंद होईल असे लावले आणि वाटेत १ व्होल्ट पडला असे धरले, तर त्याच्या टर्मिनलवर ४५ व्होल्ट असतील. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास ५००० भागिले ४०.५, म्हणजे १२३ अँपिअर. पाटीवरच्या व्होल्टेजने काढलेल्या आकड्यापेक्षा हा सव्वापट आहे, आणि तो नेमका रात्री उशिरा, बॅटरी संपत आलेली असताना आणि सर्व जोड आधीच तापलेले असताना येतो.

यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. सिंगल फेज इन्व्हर्टर बॅटरीतून सपाट प्रवाह घेत नाही. ५० हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झने तो प्रवाह वरखाली होतो. केबल तापते ती सरासरी प्रवाहाने नव्हे, तर आरएमएस प्रवाहाने, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या सपाट प्रवाहाच्या आकड्याने. इन्व्हर्टरमधील कपॅसिटरने काहीच सपाटी आणली नाही अशी टोकाची स्थिती धरली, तर आरएमएस प्रवाह सरासरीच्या १.२२ पट होतो. प्रत्यक्षात तो याहून कमी असतो, पण स्वस्तातल्या यंत्रात किती कमी असेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून मी १२३ ला १.२५ ने गुणतो. उत्तर १५४ येते आणि त्यावरचा प्रमाणित फ्यूज १६० अँपिअरचा आहे. मुख्य फ्यूज ठरला.

आता केबल. केबलवर किंवा दुकानातल्या तक्त्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा कोणत्या परिस्थितीसाठी आहे, हे न पाहता तो वापरता येत नाही. वायरिंगचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक आयईसी ६०३६४ च्या भाग ५-५२ मधील तक्ते ३० अंश सेल्सिअस हवेसाठी आहेत. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४२ ते ४४ अंश असतात. बंद कपाटात, चार्जिंग सुरू असताना, ५० अंश धरणे हा अतिरेक नाही. या तापमानाला पीव्हीसी, म्हणजे ७० अंशांची मर्यादा असलेल्या केबलची क्षमता ०.७१ पट आणि एक्सएलपीई किंवा तत्सम ९० अंशांच्या केबलची ०.८२ पट होते. हे गुणांक पाठ करण्याची गरज नाही. केबलची मर्यादा आणि भोवतालचे तापमान यांतील फरक जितका आक्रसतो, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात क्षमता घटते. पीव्हीसीसाठी तो फरक ४० वरून २० वर आला, म्हणून निम्म्याचे वर्गमूळ, ०.७१.

ट्रंकिंगमधील तांब्याच्या दोन केबलींसाठी पीव्हीसीचे आकडे असे आहेत : १६ चौ. मिमीला ७६ अँपिअर, ३५ ला १२५, ७० ला १९२, ९५ ला २३२. ०.७१ ने गुणल्यावर तेच आकडे ५४, ८९, १३६ आणि १६५ होतात. १६० च्या फ्यूजखाली पीव्हीसीत किमान ९५ चौ. मिमी लागेल, जी आपल्या इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर बसणारच नाही. ९० अंशांच्या केबलीत ५० चौ. मिमीला १९८ आणि ७० ला २५३ अँपिअर मिळतात. ५० अंशांच्या हवेत ते १६२ आणि २०७ होतात. कागदावर ५० चौ. मिमी पास होते. तरीही मी ७० सांगेन, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण फ्यूजच्या स्वभावात आहे. १६० अँपिअरचा फ्यूज १६१ ला उडतो अशी एक गोड समजूत आहे. सर्वसाधारण वापराचा, म्हणजे जीजी वर्गाचा, या आकाराचा फ्यूज २ तासांच्या आत नक्की उडेल असे प्रमाणक सांगते ते त्याच्या १.६ पट प्रवाहाला, म्हणजे २५६ अँपिअरला. केबलच्या बाजूने नियम असा आहे, की हा प्रवाह तिच्या प्रत्यक्ष क्षमतेच्या १.४५ पटीपेक्षा अधिक नसावा. ५० चौ. मिमीसाठी १.४५ गुणिले १६२ म्हणजे २३५, नापास. ७० चौ. मिमीसाठी ३००; पास. दुसरे कारण टर्मिनलचे आहे. केबल ९० अंश सोसते, पण तिचे टोक ज्या इन्व्हर्टरच्या किंवा फ्यूज-धारकाच्या प्लॅस्टिकमध्ये जाते ते बहुधा ७० अंशांच्या हिशेबाने बनवलेले असते. १२३ अँपिअर सतत वाहिल्यास ५० चौ. मिमीची केबल या कपाटात सुमारे ७३ अंशांना स्थिरावेल, ७० ची सुमारे ६४ ला. खरेदी करताना इन्व्हर्टरच्या टर्मिनलचा बोल्ट आणि शेजारची जागा मोजून घ्या, कारण ७० च्या लगची, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या भोकाच्या जोडतुकड्याची, रुंदी २० मिलिमीटरच्या पुढे जाते.

वायरमनच्या १६ चौ. मिमीचे काय होईल, तेही सांगतो. जाऊन-येऊन ८ मीटर, प्रतिमीटर १.२१ मिलिओहम, तापल्यावर थोडा अधिक, म्हणजे १२३ अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट पडतील. ४८ व्होल्टच्या ते ३ टक्के आहेत, म्हणून कॅल्क्युलेटरने हिरवी खूण दिली. पण ते १.४ व्होल्ट म्हणजे पावणेदोनशे वॉटची उष्णता आहे, आणि ती बंद ट्रंकिंगमध्ये ८ मीटर केबलीत मुरते आहे. हिशेबाने तिचे तापमान दीडशे अंशांपलीकडे जाते. त्याच्या बरेच आधी पीव्हीसी मऊ होऊन धन-ऋण एकमेकांना भिडलेले असतील. या सगळ्या काळात १६० चा फ्यूज शांत बसलेला असेल, कारण त्याच्या दृष्टीने १२३ अँपिअर हा नेहमीचा प्रवाह आहे. रुग्णालयात एरवी इतका लोड चालत नाही, हे खरे आहे. पण उन्हाळ्यात वीज गेल्यावर ऑटोक्लेव्ह आणि एसी एकदम लावण्यापासून कोणाला रोखणार?

येथे हिशेब थोडा बाजूला ठेवून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बॅटऱ्या जिन्याखाली ठेवू नका. रुग्णालयात धूर झाला तर माणसे त्याच जिन्याने उतरणार आहेत. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर दोन्ही बाहेरच्या भिंतीच्या, हवा खेळत्या खोलीत, एकमेकांपासून दीड मीटरच्या आत ठेवा. मात्र इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या थेट डोक्यावर नको. डीसी बाजूला जो भार १२३ अँपिअर आहे, तोच २३० व्होल्टच्या एसी बाजूला २२ अँपिअर असतो. लांब अंतर ६ चौ. मिमीच्या एसी केबलीने कापणे हे ७० च्या डीसी केबलीपेक्षा स्वस्तही आहे आणि सुरक्षितही. खोली थंड असेल तर वरचे सर्व आकडे सुधारतील. तरी मी ७० वरून खाली येणार नाही.

दुकानदाराच्या ३५ ची जागा बॅटरी ते बसबार अशी आहे. तीन बॅटऱ्यांपैकी प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज हवा, आणि १२३ अँपिअर तिघींत वाटले गेल्यावर ८० अँपिअरचा फ्यूज येथे बरोबर बसतो. एक बॅटरी बंद पडली तर उरलेल्या दोघींवर ६२-६२ येतील, तेही चालते. पीव्हीसीच्या ३५ ची ५० अंशांतील क्षमता ८९ अँपिअर आहे, तिची १.४५ पट १२९ आणि फ्यूजची १.६ पट १२८. जेमतेम, पण पास. अट एकच : ती केबल खरोखर तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. एक मीटर तुकडा सोलून नुसते तांबे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ३५ चौ. मिमीचे तांबे ३१० ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. मुलाम्याची केबल त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचित जाते. त्याहून पक्की तपासणी म्हणजे केबलीतून २० अँपिअर सोडून मीटरभर अंतरावर मिलिव्होल्ट मोजणे. बारीक तारांच्या ३५ ला प्रमाणकाप्रमाणे ते ११ च्या वर जाऊ नयेत. आणि ती वेल्डिंगची केबल असेल, तर तिच्यावरचा मोठा आकडा अधूनमधून चालणाऱ्या कामासाठी असतो. वेल्डर दर मिनिटाला थांबतो, बॅटरी थांबत नाही.

तिन्ही केबली सारख्याच लांबीच्या कापा, मग एखाद्या बॅटरीजवळ ती गुंडाळून ठेवावी लागली तरी चालेल. बसबार न लावता बॅटरीला बॅटरी जोडत नेणे आणि इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवरून काढणे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे. प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध ६ मिलिओहम आणि मधल्या जोडतारांचा, जाऊन-येऊन, ०.६ मिलिओहम धरून मी हिशेब केला, तर १५० अँपिअरपैकी पहिलीकडून ५८, दुसरीकडून ४८ आणि तिसरीकडून ४४ निघतात. नवीन, घट्ट जोडांची ही स्थिती आहे. जोड सैल पडून दोन्ही जोडतारांचा रोध ०.६ चा १.२ झाला, की पहिलीवर ६४ आणि तिसरीवर ३९ येतात. पहिली सतत जास्त राबते, लवकर थकते आणि तिची बीएमएस, म्हणजे बॅटरीतील संरक्षक सर्किट, प्रवाह आधी तोडते. मग उरलेल्या दोघींवर एकदम भार येतो.

बसबारसाठी पितळी लिंक नको. पितळाची विद्युतवाहकता तांब्याच्या पंचवीस-तीस टक्क्यांइतकीच असते, आणि त्या लिंकमधले स्क्रू बारीक तारांच्या केबलीला नीट पकडतही नाहीत. तांब्याची २५ बाय ५ मिलिमीटरची पट्टी घ्या, धन आणि ऋण यांसाठी एक-एक. तिचा छेद १२५ चौ. मिमी, १६० अँपिअरला प्रतिचौरस मिलिमीटर १.३ अँपिअर पडतात, आणि पॅनेल बनवणारे तांब्यासाठी १.२ ते १.६ धरतात त्यात हे बसते. उघड्या हवेसाठीच्या तक्त्यांत याच पट्टीला तीनशेच्या वर अँपिअर दिलेले दिसतील. ते ३५ अंशांच्या हवेत, झाकण नसलेल्या पट्टीचे आकडे आहेत, आणि आपली पट्टी झाकणाआड राहणार आहे. २० रुंदीची पट्टीही हिशेबात बसली असती. पण तिच्यात ९ मिलिमीटरचे भोक पाडल्यावर ७० चा लग कडांबाहेर लोंबतो आणि स्पर्शाचे क्षेत्र घटते. ॲल्युमिनियम वापरायचे असेल तर छेद १.६ पट करा. शिवाय त्यावर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे घासून, ग्रीस लावून ताबडतोब जोडावे लागते. इन्व्हर्टरची तार पट्टीच्या टोकाला न जोडता मधोमध जोडा. सोलर चार्जर पुढे जोडणार असाल तर त्याच्यासाठी भोक आत्ताच पाडून ठेवा. नंतर चालू बॅटरीवर ड्रिल घेऊन जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आता जोडांकडे येतो, कारण माझ्या पाहण्यात जळालेल्या जागांपैकी बहुतेक ठिकाणी केबल योग्य होती आणि जोड चुकला होता. कोकणातल्या एका होमस्टेवर मला बोलावले होते. केबल उत्तम, पट्टी उत्तम, पण एका लगखाली स्टेनलेस स्टीलचा वॉशर होता, लग आणि पट्टी यांच्या मधोमध. बसवणाऱ्याला वाटले, घट्ट बसेल. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या सुमारे ४० पट असतो. १०० अँपिअरला त्या एका जोडावर १८० मिलिव्होल्ट मोजले, म्हणजे अंगठ्याएवढ्या जागेत १८ वॉट. लगचे आवरण तपकिरी झाले होते. क्रम असा हवा : पट्टी, तिला थेट भिडलेला लग, मग साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्राने, त्याच आकाराच्या डायने दाबा; हातोडी आणि डाख दोन्ही नकोत. बोल्ट टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या आकड्याला आवळून नटावर मार्करची रेघ ओढा, म्हणजे पुढे तो हलला का ते दिसते.

शॉर्ट सर्किटबद्दल थोडे. प्रत्येकी ६ मिलिओहम धरल्यास तिन्ही बॅटऱ्यांचा मिळून रोध २ मिलिओहम होतो, आणि बसबारवर २५ हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह उसळू शकतो. बीएमएस तो तोडेल असे माहितीपत्रक सांगते आणि बहुधा ती तोडतेही, पण तिच्यातील मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, निकामी होतात तेव्हा अनेकदा प्रवाह वाहू देणाऱ्या स्थितीतच चिकटतात. म्हणून फ्यूजवर डीसी व्होल्टेज आणि ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे तो सुरक्षितपणे तोडू शकेल असा कमाल प्रवाह, छापलेली पाहा. ती वरच्या प्रवाहाहून अधिक असलेला एचआरसी (मोठा प्रवाह तोडणारा) फ्यूज घ्या आणि तो बॅटरीच्या धन टर्मिनलच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला फ्यूजचे संरक्षण नसते. घरातला एसीचा एमसीबी येथे चालत नाही : एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसीची ठिणगी तशीच तगून राहते.

७० ची केबल अशा धक्क्याने लगेच वितळत नाही; फ्यूज उडेपर्यंत ती सहज तग धरते. वितळते ती कोणाच्या लक्षात न आलेली बारीक वायर. व्होल्टमीटर, पंखा किंवा वाय-फाय मॉनिटरसाठी बसबारवरून १ चौ. मिमीची वायर थेट काढलेली असते. ती कोठे घासून शॉर्ट झाली तर काही मिलिसेकंदांत लाल होते आणि १६० चा फ्यूज तिला वाचवत नाही. अशा प्रत्येक वायरला तिच्या उगमापाशीच २ ते ५ अँपिअरचा, डीसीला चालणारा छोटा फ्यूज लावा.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्या आणि ताबा घेण्यापूर्वी एक तास ४ किलोवॉटच्या वर लोड चालवून दाखवायला सांगा. क्लॅम्प मीटरने तिन्ही बॅटऱ्यांचे प्रवाह मोजा. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर कोठला तरी जोड सदोष आहे. मग प्रत्येक जोडावर, एक टोक लगला आणि दुसरे पट्टीला लावून, मिलिव्होल्ट मोजा. १०० अँपिअरला १० च्या आत हवेत. शेजारच्या जोडांपेक्षा दुप्पट दिसला तो उघडून पुन्हा बांधायचा. तापमान पाहण्यासाठी इन्फ्रारेड गन आणलीत तर चकचकीत तांब्यावर ती थेट रोखू नका. तांबे परावर्तन करते आणि ८० अंशांची पट्टी ४० दाखवते. लोड देण्यापूर्वीच प्रत्येक जोडाशेजारी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून ठेवा आणि गन त्या टेपवर धरा.